फुगलेलं पिंप

१

रामेश्वर आवटे मेला मंगळवारी सकाळी साडेदहाला. बुधवारी सकाळी साडेदहापर्यंत त्याच्या मरणाचं कारण टाइप होऊन, शिक्का बसून, प्लॅस्टिकच्या फाइलीत तयार होतं. २०१९ सालच्या कतारात एवढी घाई एरवी फक्त स्टेडियमच्या छतांना असायची.

फाइल गार्गी दाबकेच्या हातात होती. गार्गी मूळची नाशिकची. स्टेडियम बांधणाऱ्या मुख्य कंपनीत तिचं काम एकच होतं. कुठे काही पेटलं, सांडलं, फुटलं की तिथे जायचं आणि ते का झालं हे लिहायचं. लोक तिच्याशी फार गोड बोलायचे, आणि त्यामुळेच तिला गोड बोलण्याचा कंटाळा आला होता.

कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालच्या बाहेर, वाळूत कुंपण घालून उभं केलेलं हे यार्ड. छताच्या तुळया इथे यायच्या. वाळूचा मारा करून त्यांचा गंज काढायचा, त्यावर रंग मारायचा, आणि ट्रेलरवर चढवून द्यायच्या. रंगात घालायला थिनर लागायचं, म्हणून यार्डाच्या कडेला एक थिनर स्टोअर होतं. तेच काल जळलं होतं.

"मॅडम, सरळ केस आहे," यार्डाचे मॅनेजर अवधूत सबनीस म्हणाले. ते पुण्याचे. बोलणं इस्त्री केलेलं. "जालिंदर खरात, फोर्कलिफ्ट चालवतो. पिंप उचलताना त्यानं काटा पिंपात घुसवला. थिनर सांडलं, इंजिनाच्या ठिणगीनं पेटलं. रामेश्वर बिचारा आत होता. आमचा सर्वांत चांगला पेंटर हो. आणि ड्रायव्हर पळाला."

"त्याचे दोन्ही हात भाजलेत, असं ऐकलं."

"पळताना भाजले असतील."

हातांनी पळणारा माणूस गार्गीनं अजून पाहिला नव्हता.

"रविवारी सकाळी हे पत्र पोलिसांकडे जातंय," सबनीस म्हणाले. "त्याच दिवशी त्याला इस्पितळातून सोडणार आहेत. तुमची सही झाली की खलास."

म्हणजे सही झाली की जालिंदर खाटेवरून उठून थेट तुरुंगात जाणार होता, एका माणसाला मारल्याबद्दल. गार्गीनं पेन पर्समध्ये टाकलं आणि स्टोअर दाखवा म्हणाली.

२

आग विझल्यावर, स्टोअरला सील लागण्याआधी, दोन तासांत तीनच माणसं, एकेकटी, आत गेली होती. सबनीस नुकसान बघायला, सेफ्टी ऑफिसर धवल फोटो काढायला, आणि स्टोअरकीपर अनंतराव तिरोडकर पिंपं मोजायला. हे गेटवरच्या पहारेकऱ्यानं वहीत नीट लिहून ठेवलं होतं. आज तेच तिघं गार्गीबरोबर दाराशी उभे होते.

दाराच्या चौकटीला तांब्याची एक चकती बसवलेली होती. आत जाण्याआधी तिच्यावर उघडा तळहात टेकवायचा, म्हणजे अंगावर साठलेली वीज जमिनीत जाते आणि आत ठिणगी पडत नाही. सबनीस सरळ आत शिरले. धवल मोबाइल बघत बघत शिरला. अनंतराव मात्र थांबले, चकतीवर हात ठेवला, आणि मग पाऊल टाकलं.

"काका, आता आत काय पेटायचं राहिलंय?" धवल म्हणाला.

"सवय," अनंतराव म्हणाले.

ते वेंगुर्ल्याकडचे, आखातात सव्वीस वर्षं. महिनाअखेरीला कायमचे घरी निघाले होते. रात्रभर झोपले नसावेत, डोळे लाल होते. गार्गीला ते बघूनच बरे वाटले, आणि तिनंही चकतीवर हात ठेवला.

आत सगळं काळं होतं. उजवीकडे, दूरच्या भिंतीशी, पाच बंद पिंपं आगीत तापून गरगरीत फुगली होती. त्यातल्या एकाला वरच्या अंगाला भोक होतं.

"हे ते," सबनीस म्हणाले. "काटा घुसला ती जागा."

गार्गीनं टॉर्च मारला. भोकाची कड आत वळलेली होती आणि कडेला पिवळट काहीतरी चमकत होतं, कुणी पेन्सिलीनं रेघ ओढावी तेवढं. तिनं फोटो काढला. पिंपाकडे बघून तिला काहीतरी खटकत होतं. पण काय, ते सापडेना.

डावीकडे रामेश्वरचा कोपरा. स्टँडवर आडवं पिंप, त्याला नळ, खाली पत्र्याचा डबा. थिनर नळातून पडताना त्यातही वीज साठते. म्हणून पिंपाला एक वायर, डब्याला एक वायर, आणि दोन्हींचे चिमटे भिंतीवरच्या लोखंडी अर्थिंगच्या पट्टीला. वीज पट्टीतून जमिनीत जाते. जळलेल्या वायरींच्या टोकांना दोन्ही चिमटे पट्टीवर घट्ट बसलेले होते.

म्हणजे रामेश्वरनं आपलं काम चोख केलं होतं. गार्गीनं चिमटे काढून पिशवीत टाकले. त्यांच्या झिजलेल्या दातांत बारीक कण अडकले होते, आगीनं काळपट झालेले, पण आतून हिरवे.

आणि पट्टी स्वच्छ होती. अख्ख्या काळ्या भिंतीत वीतभर लोखंड नुकतं घासलेल्या तव्यासारखं उजळ होतं.

"ही पट्टी अशीच होती?" तिनं विचारलं.

सबनीसांनी धवलकडे पाहिलं. "रोज चेक होते," धवल म्हणाला. "माझ्या शीटवर टिक आहे."

"पट्टी उघडीच ठेवायची असते," अनंतराव म्हणाले.

तिघांनी उत्तरं दिली होती. होती की नव्हती, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

३

जालिंदर इस्पितळात खाटेवर बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. दाराशी पोलीस. हा माणूस बीड जिल्ह्यातला, वय पस्तीसच्या आसपास, आणि मराठी ऐकून आधी त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ताई, माझी फोर्कलिफ्ट भाईर हुती. किल्ली माझ्या खिशात. हितल्या शिस्टरनं पँट कापली तवा तिलाच घावली. इचारा."

गार्गीनं आधीच विचारलं होतं. किल्ली इस्पितळाच्या पाकिटात, तारीख-वेळेसह होती.

"काय पाहिलंस तू?"

"म्या दारात हुतो. रामेश्वर डबा भरीत हुता. डब्याच्या तोंडाशी टिचकीवाणी निळी ठिणगी दिसली. मंग जाळ. त्याच्या अंगावरच आला की जाळ." तो थांबला. "पाणी मारायचं नसतंय, ताई. थिनर पाण्यावर तरंगतंय, आग घिऊन भाईर जातंय. म्या वाळूच्या बादल्या टाकल्या. मंग सांडलेलं भाईर न्हेतंय त्या गटाराचं लोखंडी झाकण हाय ना, ते पाडलं. भाईर वाळूच्या ब्लास्टिंगला चाळीस माणसं हुती. झाकण तापलं हुतं. त्यात हात गेले."

"आणि रामेश्वर?"

"वढला त्याला. वढला तवा जित्ता हुता."

पोलीस दुसरीकडे बघू लागला. त्याला मराठी येत नव्हतं, पण असल्या बोलण्याला भाषा लागत नाही.

"त्यानं चिमटे लावले होते का?" गार्गीनं विचारलं.

"चिमटा लावल्याबिगर नळाला हात लावायचा न्हाई त्यो. अनंतकाकानं शिकवलेलं त्याला, पोरासारखं. काकाच्या डब्यातली भाकरी खायचा." जालिंदरनं नाक खांद्याला पुसलं. "शनवार-रईवार दोन दीस त्येनं अख्खं स्टोअर हिरवं केलं, स्प्रे मारून. सोमवारी मोठे पाव्हणे यायचे हुते, स्टेडियमवाले. जे रंगवायचं न्हाई त्याला टेप लावायचा त्यो. दाराच्या कडीलाबी. पाव्हणे यायच्या आदी आमी दोगांनी आत फोटू काढला, नव्या ड्रेसात. राणीला धाडला. आता फोन जळाला, रामेश्वर जळाला."

"राणी म्हणजे?"

"मंडळी माझी. ताई, तिला सांगू नगा हात भाजल्याचं. खोटं बोललो तिला, फोन हरवला म्हणून."

परतीच्या वाटेवर, दोहाकडे येणाऱ्या सरळसोट हायवेवर, गार्गी फाइलीतलं पत्र आठवत होती. सगळे त्या भोकाकडे बोट दाखवत होते, आणि आग तर पार दुसऱ्या कोपऱ्यात लागली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण तिच्या ओठांवर आली. मग मेलेल्या माणसाचं नाव आठवलं आणि तिनं ती गिळली.

पण जालिंदरचा शब्द एकीकडे, आणि भोक पडलेलं पिंप दुसरीकडे. शब्दाला भोक दाखवता येतं. भोकाला शब्द काय दाखवणार?

४

शुक्रवारी सुट्टी. ओल्ड एअरपोर्टच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी श्रीखंड-पुरी व्हायची, हा नवऱ्यानं केलेला आणि गार्गीनं पाळलेला कायदा होता. अकरा वर्षांची नुपूर पुऱ्या लाटत होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र शाळेच्या भाषेत यायचं.

"नख लागू देऊ नकोस गं पुरीला."

"आय नो, आई." मग थोड्या वेळानं, "ऊप्स. धिस वन हॅज अ होल. इट वोन्ट पफ."

गार्गीनं ती पुरी तेलात सोडली. झाऱ्यानं दाबली. आतली वाफ भोकातून फुसफुसत निघून गेली आणि पुरी पापडासारखी चपटी तरंगत राहिली. बाजूची पुरी टम्म फुगली.

गार्गीनं गॅस बंद केला.

"आई? व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही. बाबांना सांग उरलेल्या पुऱ्या तळायला."

बंद पिंप आगीत तापलं की आतल्या वाफेनं फुगतं. भोक असेल तर वाफ भोकातून जाते आणि पिंप आहे तसंच राहतं. पण ते पिंप शेजारच्या चार पिंपांइतकंच फुगलेलं होतं. म्हणजे आग लागली तेव्हा त्याला भोक नव्हतं. भोक आगीनंतर पाडलं होतं, कुणीतरी, त्या दोन तासांत. आणि पाडणाऱ्याला किती थिनर बाहेर येईल याची नीट कल्पना होती, कारण त्यानं ते वरच्या अंगाला पाडलं होतं.

मग का पाडलं? दुसरं काहीतरी झाकायला. तिला ती घासलेल्या तव्यासारखी पट्टी आठवली.

यार्डाच्या कागदांतून नंबर काढून तिनं राणीला फोन लावला.

"ताई, त्यास्नी काय झालंय?" राणीनं आधी हेच विचारलं. "फोन हरवल्याव दुसऱ्याच्या फोनवरून बोलतंय की माणूस. हे बोलतच न्हाईत जास्त."

खोटं बोलणारा एक होताच, त्यात आपण दुसरं व्हावं का, याचा गार्गीनं क्षणभर विचार केला. "हात भाजलेत," ती म्हणाली. "बरे होतील. पण त्याच्यावर एक आळ आलाय, आणि तो काढायला मला तुमच्या फोनमधला एक फोटो हवाय. सोमवारचा."

"धाडते," राणी म्हणाली. " त्यो फोटू म्या देवापाशी लावलाय, फोन तसाच उभा करून."

फोटो आला. नव्या निळ्या ड्रेसात दोघं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, दात काढून हसणारे. मागे हिरवीगार भिंत. आणि भिंतीवर अर्थिंगची पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी.

गार्गीनं फोटो मोठा केला. भिंतीचा रंग स्प्रेचा, काचेसारखा सपाट. पट्टीवरचा रंग जाड, ब्रशच्या रेघांचा, खाली एक ओघळ आलेला. कडीलाही टेप लावणाऱ्या रामेश्वरचं हे काम नव्हतं. त्याची टेप काढून, त्याच्या पाठीमागे, दुसऱ्याच कुणीतरी ब्रश फिरवला होता.

एपॉक्सीच्या जाड रंगातून वीज जात नाही. त्यावर चिमटा लावणं म्हणजे भिंतीला लावण्यासारखंच. झिजलेले दात रंगात रुतले, लोखंडापर्यंत पोचलेच नाहीत. पट्टीला टेप लावायची हे रामेश्वरला ठाऊक होतं, का लावायची ते बहुधा नव्हतं. त्यानं चिमटे लावले, ओढून पाहिले असतील, आणि निर्धास्तपणे नळ सोडला.

कुणाच्या हातात ब्रश होता, एवढंच राहिलं होतं. रेघेसारखी ती पिवळट चमक तिनं मोबाइलवर पुन्हा काढून पाहिली, आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. तिला ते उत्तर नको होतं.

५

शनिवारी सकाळी यार्डाच्या केबिनमध्ये तिनं तिघांना बसवलं. टेबलावर तिनं राणीचा फोटो ठेवला, छापून आणलेला.

पुरीची गोष्ट तिनं आधी सांगितली. सबनीस हसायला गेले आणि अर्ध्यात थांबले. मग पट्टीची सांगितली.

"धवल, मंगळवारच्या शीटवर पट्टी तपासल्याची टिक आहे. मीटर लावला होतास?"

धवलचा चेहरा उतरला. "नाही. रोज ओकेच असायची, मॅडम. मी केबिनमध्ये बसूनच टिक केली."

"आणि सबनीस, पट्टी रंगवायला कुणी सांगितलं?"

"मी रंगवा असं म्हणालो नाही," सबनीस घाईनं म्हणाले. "रविवारी संध्याकाळी राउंडला मी फक्त म्हणालो, की एवढं छान स्टोअर झालंय आणि ती गंजकी पट्टी फोटोत वाईट दिसेल. फक्त म्हणालो."

"कुणाला?"

सबनीसांनी खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं. उत्तर गार्गीला लागतही नव्हतं.

"आग विझल्यावर तुम्ही तिघं आत गेलात. एकानं पट्टी खरवडली आणि पिंपाला भोक पाडलं. भोकाच्या कडेला पिवळा धातू लागलाय. पितळ. लोखंडाची ठिणगी पडते, पितळेची पडत नाही, म्हणून थिनरजवळ पितळी हातोडी वापरायची असते. सबनीसांच्या हाताला जे लागलं असतं ते त्यांनी उचललं असतं. धवल तर चकतीला हातही न लावता आत जातो. अशा वेळी, अशा घाईत, खोटं काम करतानाही पितळी हातोडीच घेईल असा या यार्डात एकच माणूस आहे."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "काका, काल फोनवर मागितलेली हातोडी आणलीत?"

अनंतरावांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. हातोडी काढून टेबलावर ठेवली, दांडा तिच्याकडे करून, जशी दुसऱ्याला द्यायची असते तशी. तिच्या चपट्या टोकाच्या खाचेत हिरवा रंग अजून होता. सव्वीस वर्षांत त्यांनी अवजार न पुसता ठेवल्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

"रविवारी संध्याकाळी केलं मी," ते म्हणाले. आवाज साधा होता. "मला ठाऊक होतं रंगवायची नसते. या यार्डात मलाच तेवढं ठाऊक होतं. म्हटलं, एका फोटोपुरतं. पाहुणे गेले की खरवडीन. सोमवारी ते दुपारी आले, मग त्यांचा चहा, मग आणखी फोटो. रामेश्वरला त्या दिवशी स्टोअरचं काम नव्हतं. मंगळवारी सकाळी खरवडायला निघालो तर गेटवर ट्रक आला म्हणून बोलावलं. वीस मिनिटं लागली. तो माझ्याआधी आत गेला."

"आणि जालिंदर?"

"त्याला घरी पाठवतील, असं मी स्वतःला समजावलं. ड्रायव्हरच्या हातून अपघात झाला, म्हणून परत पाठवतील. जाईल बायकोपोरांत." त्यांनी चष्मा काढला. "आपल्या मनाला काय, हवं ते समजावता येतं. माझ्या लक्ष्मीची दृष्टी चाललीय. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने. तिला दिसतंय तोवर पोचायचं होतं मला. केस झाली तर देश सोडू देत नाहीत. तेवढंच डोक्यात होतं. दुसरं काही सुचलंच नाही."

गार्गीला राग आला होता आणि रडूही आलं होतं. दोन्ही तिनं आवरलं.

"काका, खरवडायला चिमटे काढावे लागले असतील तुम्हाला."

"हो." पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "दोन्ही लावलेले होते. घट्ट. तोंड खाली करून, म्हणजे झटक्यानं निसटू नयेत. मी शिकवलं होतं तसं. मी काढले, खरवडलं, आणि पुन्हा लावले. त्यानं लावले होते तसेच."

धवल उठून बाहेर गेला.

"मॅडम," सबनीस म्हणाले, "माझं नाव रिपोर्टात..."

"आहे. 'फक्त म्हणाले' असंच लिहिलंय. टिकही आहे, ब्रशही आहे."

रविवारी सकाळी पत्र गेलं, दुसरं. दुपारपर्यंत जालिंदरच्या दारावरचा पोलीस उठला. नर्सनं कानाशी धरलेल्या फोनवर तो राणीशी पहिल्यांदा खरं बोलला, आणि बोलता बोलता रामेश्वरसाठी मोठ्यानं रडला. रामेश्वरच्या घरी गार्गीनं स्वतः फोन केला. त्यानं कुठेही, काहीही चूक केली नव्हती, हे तिनं त्याच्या आईला दोनदा सांगितलं. आईनं फक्त विचारलं, "मंग गेला कसा?"

पोलीस न्यायला आले तेव्हा पट्टी कुठून कुठवर खरवडली ते दाखवायला त्यांनी अनंतरावांना स्टोअरपाशी नेलं. दाराशी ते थांबले. सवयीनं त्यांचा उजवा हात तांब्याच्या चकतीकडे गेला, आणि बोटभर अंतरावर तसाच थबकला. मग तो हात त्यांनी खाली घेतला आणि चकतीला न शिवता ते आत गेले.

गार्गी मागेच उभी होती. तिनं आपला तळहात चकतीवर टेकवला, थोडा जास्तच वेळ, आणि त्यांच्यामागून आत पाऊल टाकलं.